भिंत, मैदान आणि संघ : ‘झुंड’मधील क्रीडाविचार आणि वसई-विरारचा संदर्भ

प्रस्तावना :
‘खेळ माणसे जोडतो’ हे विधान क्रीडा महोत्सवांच्या व्यासपीठावरून इतक्या वेळा उच्चारले जाते, की त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘झुंड’ (2022) हा हिंदी चित्रपट या विधानाला कथारूप देतो. नागपूर येथील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 पासून झोपडपट्टीतील मुलांसाठी चालविलेल्या फुटबॉल उपक्रमाचा त्यास आधार आहे. हाच उपक्रम पुढे ‘स्लम सॉकर’ या नावाने ओळखला गेला व 2016 मध्ये त्यास ‘फिफा’चा विविधता पुरस्कार मिळाला. प्रस्तुत लेखात या चित्रपटातील क्रीडाविचाराची समीक्षा करून वसई-विरारसारख्या बहुजिनसी नगराच्या संदर्भात त्याचा अर्थ तपासला आहे.

चित्रपटाचे सामर्थ्य :
महाविद्यालय आणि वस्ती यांमधील भिंत ही चित्रपटाची मध्यवर्ती प्रतिमा आहे. चेंडू भिंतीवरून सहज जातो, माणसाला मात्र मज्जाव असतो. मंजुळे यांचे यश असे, की वंचितता म्हणजे आत्मविश्वासाचा अभाव, अशी सोयीस्कर मांडणी ते करीत नाहीत. आदिवासी मोनिकाची निवड होते, तरी आपण कोण आहोत हे कागदोपत्री सिद्ध करण्यासाठी तिला व तिच्या वडिलांना वणवण करावी लागते. डॉनला मैदानावरील प्रतिस्पर्ध्यापेक्षा पोलीस ठाण्यातील नोंदींशी अधिक झगडावे लागते. खेळ दार उघडतो, परंतु उंबरठ्यावर व्यवस्था उभी असते, हे भान चित्रपट शेवटपर्यंत सोडत नाही. अखेरीस विमान वस्तीवरून उडते, भिंत मात्र तशीच राहते.

चित्रपटाची मर्यादा :
तथापि ज्या प्रक्रियेतून विखुरलेली मुले ‘संघ’ होतात, ती प्रक्रियाच चित्रपटात अंधुक राहते. सर्व परिवर्तनाचा भार एका सहृदय शिक्षकावर पडतो. सराव, नियम, मतभेद मिटविण्याची रीत यांना फारसे स्थान मिळत नाही. याहून महत्त्वाची बाब म्हणजे महाविद्यालयाचा संघ व वस्तीचा संघ परस्परांसमोर उभे ठाकतात. वस्तीचा विजय प्रेक्षकाला सुखावतो, परंतु त्या विजयाने भिंतीच्या दोन बाजू जोडल्या गेल्या असे म्हणता येत नाही.

हा आक्षेप केवळ रसास्वादाचा नाही. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडलेल्या संपर्क-सिद्धान्तानुसार समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य व अधिकारसंस्थेचा पाठिंबा असेल, तरच संपर्काने पूर्वग्रह घटतात. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात भिन्न जातींच्या पुरुषांच्या क्रिकेट स्पर्धा भरवून केलेला अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच संघातून खेळलेल्यांमध्ये जातीपलीकडील मैत्री वाढली. प्रतिस्पर्धी म्हणून झालेल्या संपर्काचा परिणाम मात्र उलट दिशेने झाला. इराकमधील ख्रिस्ती व मुस्लिम फुटबॉलपटूंविषयीच्या सलमा मूसा यांच्या अभ्यासात (2020) संघातील स्नेह वाढला, परंतु मैदानाबाहेरील अनोळखी व्यक्तींपर्यंत तो फारसा पोहोचला नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासातही याची साक्ष मिळते. पुण्यात सवर्णांसोबत गोलंदाजी करणाऱ्या पळवणकर बाळू यांना चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून दिला जाई. त्यांचे बंधू विठ्ठल 1923 मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले. एका संघात जातीची मर्यादा काहीशी सैल झाली. परंतु स्पर्धेची रचनाच धर्मवार असल्याने धर्माधर्मांतील रेषा ठळक राहिली. 1946 नंतर ही पंचरंगी स्पर्धा बंद पडली.

वसई-विरारचा संदर्भ :
2009 मध्ये महानगरपालिका स्थापन झालेल्या या नगराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार 12,22,390 होती. पश्चिमेस सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी हे जुने समाज आहेत. त्यांपैकी सामवेदी बोली तर ख्रिस्ती व हिंदू दोघांच्याही घरात नांदते. पूर्वेस वारली, कातकरी आदी आदिवासी पाडे, तर नालासोपाऱ्यात देशाच्या विविध भागांतून आलेला कष्टकरी वर्ग आहे. येथे भिंतीचे काम बहुधा लोहमार्ग करतो. 2011 पासून सुरू झालेली महापौर मॅरेथॉन असो वा तालुक्यातील कला-क्रीडा महोत्सव, हजारोंना एकत्र आणण्याची त्यांची शक्ती नाकारता येत नाही. परंतु मॅरेथॉनमध्ये धावपटू शेजारून धावतात. एकाचे यश दुसऱ्यावर अवलंबून नसते. सांघिक खेळात संघ गावनिहाय वा समाजनिहाय बांधले गेल्यास जुनीच ओळख गणवेशासह मैदानात उतरते.

म्हणून प्रश्न स्पर्धांच्या संख्येचा नसून रचनेचा आहे. कोलंबियातील मेडेलिन शहरात 1994 नंतर उदयास आलेल्या शांततेसाठीच्या फुटबॉलमध्ये मुलामुलींचे मिश्र संघ असत व सामन्यातील पहिला गोल मुलीनेच करावा असा नियम होता. त्यामुळे तिच्याकडे चेंडू देणे हे औदार्य न राहता गरज ठरली. पाड्यावरील मुलगी, वाडीतील मुलगा व चाळीतील स्थलांतरित एका संघात असतील आणि सरावाच्या प्रवासखर्चाची तरतूद असेल, तरच वसई-विरारमध्ये अशी गरज निर्माण होईल. या कामी महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांची जबाबदारी मोठी आहे. कारण कुंपण घातलेली मैदाने मुख्यतः त्यांच्याच ताब्यात आहेत.

समारोप :
‘झुंड’ हा वंचिततेचे सूक्ष्म आणि ऐक्याचे ढोबळ चित्रण करणारा चित्रपट आहे. भिंत दाखविण्याचे धैर्य त्यात आहे; भिंतीच्या दोन्ही बाजूंचे खेळाडू एका संघात आणण्याचा प्रश्न मात्र तो अनुत्तरित ठेवतो. चित्रपटाच्या मर्यादेपेक्षा त्या प्रश्नाचे मोल अधिक आहे, कारण त्याचे उत्तर पडद्यावर नव्हे, तर संघनिवडीच्या यादीत लिहावे लागणार आहे.