घड्याळाची कादंबरी आणि पंचविसावा तास



पत्रिकेवर आजचा विषय वाचून दोघातिघांनी आत्ताच चहाच्या वेळी आम्हाला टोकलं. म्हणाले, ‘सर, परभणी जिल्ह्यात येऊन बी. रघुनाथांवर बोलायचं सोडून हे अमेरिकन मारधाडीचं पुस्तक कशाला?’ प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर एवढंच, की बी. रघुनाथांवर बोलणारे पुष्कळ आहेत. ही मारधाड मात्र आपल्या घरातली पोरं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर बघतात आणि तिच्यावर कोणी धड बोलत नाही. एक तर नाक मुरडतात, नाहीतर टाळ्या वाजवतात. समीक्षेला या दोन्हींच्या मधल्या जागेत उभं राहावं लागतं.

पुस्तकाचं नाव ‘२४ डीक्लासिफाइड : ऑपरेशन हेल गेट’. लेखक मार्क सेरासिनी, प्रकाशन २००५. ‘२४’ ही अमेरिकन मालिका नोव्हेंबर २००१ मध्ये, म्हणजे न्यूयॉर्कचे मनोरे कोसळल्यावर दोन महिन्यांच्या आत, पडद्यावर आली. एक भाग म्हणजे एक तास, चोवीस भागांचा एक दिवस. त्या दिवसात जॅक बावर नावाचा दहशतवादविरोधी पथकातला अधिकारी मोठा घातपात रोखतो. पडद्यावर घड्याळ टिकटिकत असतं. खरं सांगायचं तर मालिकेचा नायक ते घड्याळच आहे. आपल्याकडे २०१३ साली अनिल कपूर यांनी तिचा हिंदी अवतार आणला. त्याच्या दिग्दर्शनात अभिनय देव, म्हणजे आपल्या रमेश देव आणि सीमा देव यांचे चिरंजीव, होते. म्हणजे हे प्रकरण वाटतं तितकं परकं नाही, बरं का.

कादंबरीनं मालिकेचा साचा तसाच उचलला आहे. प्रकरणाच्या कपाळावर तास, प्रसंगाच्या डोक्यावर वेळ. विमानं पाडू शकणारी क्षेपणास्त्रं चुकीच्या हातात गेली आहेत, जॅक आपल्या कचेरीपासून लांब न्यूयॉर्कमध्ये एकटा पडला आहे आणि कायद्याची माणसंही त्याच्या मागावर आहेत. गोष्ट वेगवान आहे, आणि कारागिरी कच्ची नाही.

आम्ही हे पुस्तक देवगिरीनं मुंबईला जाताना वाचलं. सेलूहून गाडी हलली तेव्हा पहिला तास चालू होता, मनमाडला आठवा. मग आम्ही झोपलो आणि जॅक बावर आमच्या उशाखाली सकाळपर्यंत थांबला. (हशा) हसण्यावारी नेऊ नका, यात पुस्तकाची मूळ अडचण आहे. पडद्यावरचं घड्याळ प्रेक्षकाला बांधून ठेवतं, जाहिरातींची मिनिटंसुद्धा त्यात धरलेली असतात. छापील पानावरचं घड्याळ वाचकाला बांधू शकत नाही. वाचक थांबतो, मागचं पान उलटतो, विचार करतो. कादंबरीचं बळ तिथंच असतं. आणि सेरासिनी नेमकं तेच बळ वापरत नाहीत. वाचकानं थांबू नये म्हणूनच त्यांची सगळी धडपड आहे.

दुसरी अडचण काळाची. ही गोष्ट मालिकेच्या पहिल्या दिवसाच्या आधी घडते. म्हणजे जॅक मरणार नाही हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक. मग धोका कुणाला? नव्यानं आणलेल्या पात्रांना. ती येतात, आपला जीव जडेपर्यंत थांबतात आणि खर्ची पडतात. या पुस्तकमालेला एक नामी संधीही मिळाली होती. नीना मायर्स ही जॅकची सहकारी पुढे फितूर निघते, हे मालिका पाहिलेल्याला माहीत असतं, जॅकला नसतं. तो तिच्यावर विश्वास टाकतो आणि आपल्या अंगावर काटा येतो. तो काटा वाचक घरून घेऊन आलेला असतो. कादंबरीनं तो निर्माण केला, असं म्हणता येत नाही.

पण नायक मरत नाही हा दोष मानला, तर आपले बाबूराव अर्नाळकरही गुन्हेगार ठरतील. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. झुंजार, धनंजय, काळापहाड, कुणाला मरताना पाहिलंत? पुढे गुरुनाथ नाईकांनीही असाच ढीग रचला. वाचनालयातून ती पुस्तकं नेऊन आमच्या पिढीनं वाचनाची सवय लावून घेतली, त्यांना आम्ही हसणार नाही. फरक दुसरीकडे आहे. जॅक बावर सरकारचा पगारी माणूस आहे, आणि मालिका त्याला सरकारचेच नियम मोडायला लावते. पकडलेल्याला तो मारतो, छळतो. बहुतेक वेळा माहिती खरी निघते, वेळेत मिळते, लोक वाचतात. घड्याळ म्हणतं, वेळ नाही. प्रेक्षक म्हणतो, मग मारा.

याचा परिणाम कुठवर गेला पाहा. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचे अधिष्ठाता ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन २००६ साली अनुभवी चौकशी अधिकाऱ्यांना घेऊन मालिकेच्या लोकांना भेटायला गेले. त्यांची तक्रार अशी, की आमचे छात्र हे पाहून छळ चालतो असं समजायला लागलेत. चौकशी करणाऱ्यांचं म्हणणं होतं, की छळानं खरी माहिती मिळेल याचा भरवसा नसतो. सैनिकी शिस्तीची माणसं कथालेखकांना संयम शिकवायला गेली!

आता आपल्या राज्याकडे येऊ. ११ जुलै २००६. मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली. कथेच्या हिशेबानं हा एक भागसुद्धा भरत नाही. पुढचं बघा. २०१५ साली विशेष न्यायालयानं १२ जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द करून सर्वांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, आणि ते मिळवताना छळ झाल्याचं आरोपींनी दाखवून दिलं आहे, असं न्यायालयानं म्हटलं. त्यांच्यातला एक जण त्याआधीच कैदेत असताना वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. हा निकाल दाखला म्हणून वापरायला तिथं स्थगिती मिळाली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडलं नाही.

अकरा मिनिटं आणि एकोणीस वर्षं. आम्ही न्यायाधीश नाही. पण वाचक म्हणून विचारतो, ज्या घरातला माणूस त्या डब्यात गेला, त्याला एकोणीस वर्षांनी काय मिळालं? छळ करून घेतलेली कबुली कोर्टात टिकली नाही, तर आरोपीबरोबर मृताचे नातेवाईकही हरतात. घाईनं काढलेला जबाब कोर्टात उभा राहील की नाही, ही गोष्ट घड्याळाच्या कादंबरीत कधीच येत नाही. तिचा चोविसावा तास संपला, की पुस्तक मिटतं.

परभणीकरांना हे मुंबईचं म्हणून सोडून देता येणार नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये परभणीच्या मोहम्मदिया मशिदीत स्फोट झाला, तो आपल्यातल्या कित्येकांना आठवत असेल. दहशत काय असते हे आपल्याला कादंबरीनं शिकवायची गरज नाही. आणि डिसेंबर २०२४ मध्ये परभणीतच एका कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. ते प्रकरण दहशतवादाचं नव्हतं. पण कोठडीच्या भिंतीआड काय चालतं हा प्रश्न तोच आहे. त्यावर आम्ही निवाडा देत नाही. इतकंच म्हणतो, की ‘चार रट्टे दिले की बोलतो’ असं आपण पारावर बसून सहज म्हणतो, त्या वाक्याला खतपाणी कुठून मिळतं ते तपासा.

मग असली पुस्तकं वाचू नयेत का? जरूर वाचा. आम्ही वाचलं, मजा आली, खोटं कशाला बोला. फक्त शेवटचं पान मिटल्यावर पंचविसावा तास स्वतः कल्पून बघा. जबाब कोण लिहून घेतोय? सही कुणी केली? साक्षीदार कुठाय? इस्पितळात कोण बसलंय? तो तास लिहिणारी कादंबरी मराठीत व्हावी, आणि ती मराठवाड्यातल्या एखाद्या पोरानं किंवा पोरीनं लिहावी, अशी आमची इच्छा आहे. कोर्टाच्या पायऱ्या, तारखांवर तारखा, एसटीनं येणारी आई, हा सगळा ऐवज आपल्याकडे भरपूर आहे. रहस्यही त्यात आहेच. आणि तिथं नायक वाचेल की नाही, हे वाचकाला आधी माहीत नसेल.

 प्रश्न असतील तर जरूर विचारा. आम्हाला घड्याळाची घाई नाही.