जेतान : परिशिष्टातील खेळ आणि कथेतील खेळ

एखादा प्राचीन खेळ कल्पित जगात नेताना केवळ मोहऱ्यांची नावे बदलली, तर ते रूपांतर न होता वेषांतर होते. त्या जगाची मूल्ये नियमांतूनच प्रकट व्हावी लागतात. एडगर राइस बरोज यांच्या 'द चेसमेन ऑफ मार्स' (१९२२) या कादंबरीतील 'जेतान', म्हणजे मंगळावरील बुद्धिबळ, या कसोटीवर तपासण्याजोगे आहे. त्याचे नियम ग्रंथाच्या परिशिष्टात दिलेले आहेत.

पट शंभर घरांचा असून प्रत्येक पक्षाचे वीस मोहरे असतात. राजाच्या जागी सरदार आहे, तर वजिराच्या जागी राजकन्या. आपल्या पटावर वजीर सर्वांत प्रबळ. राजकन्येला मात्र कोणताही मोहरा मारता येत नाही व धोक्याच्या घरात जाता येत नाही. संपूर्ण डावात एकदाच दहा घरांची पलायनाची चाल तिला मिळते. ती पकडली गेली की डाव संपतो. सरदाराने सरदारास मारले तर विजय. तेच काम अन्य मोहऱ्याने केले तर बरोबरी. राजकन्येचे अपहरण आणि तुल्यबळ वीरांचे द्वंद्व हे बरोज यांच्या मंगळकथांचे दोन आधार येथे नियमरूप झाले आहेत. हे खरे रूपांतर होय.

मनाटोर नगरीत हाच खेळ जिवंत माणसांनी खेळला जातो. टारा राजकन्येच्या घरात उभी असते. गाहान सरदार होतो. परंतु येथे व्यापलेल्या घरात शिरणाऱ्याला ते घर लढून जिंकावे लागते. परिणामी 'धोक्याचे घर' या कल्पनेची निश्चितता नाहीशी होते. उत्तम चालीचे फळ तलवारीच्या हाती जाते आणि गणिती डाव रणांगण बनतो. लुइस कॅरल यांच्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास' (१८७१) मध्ये चालींचा क्रम काटेकोर नसला, तरी प्यादे झालेली अ‍ॅलिस आठव्या घरात पोहोचूनच राणी होते. तेथे कथा पटाचे ऐकते.

मोहऱ्यांना प्राण असतात, ही पटाने झाकलेली गोष्ट मनाटोरचा प्रसंग उघड करतो, असा बचाव करता येईल. तो अंशतः ग्राह्य आहे. तथापि बरोज त्या जाणिवेपाशी थांबत नाहीत. ती नायकाच्या शौर्यात विरून जाते. म्हणून कथेपेक्षा परिशिष्टच अधिक सिद्ध रूपांतर ठरते, आणि अभ्यासकाने ते केवळ पुरवणी म्हणून ओलांडू नये.