तुळजापूरची तारा, इंग्रजांची सीता

सोलापुरात इंग्रजी वारशाचा विषय निघाला की गिरण्यांचे भोंगे आठवतात आणि १९३० चा मार्शल लॉ आठवतो. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या गावात हे साहजिकच आहे. उलट ज्याला ‘इंग्रजी संस्कृती’ म्हणून मान द्यायचा ती लंडनच्या नाट्यगृहात, ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात, शेक्सपिअरच्या पानांत असते, अशी आपली पक्की समजूत. या दोन्हींच्या मधला एक इंग्रज मला इथे मांडायचा आहे. तो आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, नळदुर्गला राहत होता आणि त्याने तुळजापूरवर कादंबरी लिहिली.

फिलिप मेडोज टेलरचा जन्म १८०८ चा, लिव्हरपूलचा. पोरवयात मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला आला, तिथे काही जमले नाही, आणि निजामाच्या फौजेत शिरला. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. टेलर कंपनीचा लाडका साहेब नव्हता. पगार निजामाचा, कातडी इंग्रजाची, अशा अर्धवट जागेवरून तो दख्खनकडे पाहत होता. १८३९ साली त्याचे ठगावरचे पुस्तक इंग्लंडात गाजले. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा त्या जिल्ह्याचा कारभार टेलरकडे आला. १८६० मध्ये हा मुलूख निजामाला परत मिळाला आणि तुळजापूर पुन्हा ‘मोगलाईत’ गेले. आमच्याकडची जुनी माणसे हाच शब्द वापरत.

‘तारा’ १८६३ साली प्रसिद्ध झाली. नायिका तुळजापूरच्या व्यास शास्त्र्याची बालविधवा मुलगी. अफजलखानाची स्वारी, देवळावरचा हल्ला, प्रतापगडची भेट, सारे या कादंबरीत आहे. पण नायक शिवाजी महाराज नाहीत, अफजलखानाचा मुलगा फाजल आहे. मराठी वाचकाला इथेच ठेच लागते. मलाही लागते. तरीही पुस्तक खाली ठेवू नये असे मी म्हणेन, कारण देऊळ, घाट, भक्तांची ये-जा, घरातल्या बायकांचे बोलणे यांत डोळ्यांनी पाहिलेल्याचा भरवसा आहे. चुकाही मजेदार आहेत. देवीच्या देवळातल्या गंगा या बाईला तो ‘मुरळी’ म्हणतो. मुरळी म्हटले की आपल्याला खंडोबा आठवतो. तुळजापूरला आराधी असतात. पण नळदुर्गच्या शेजारी अणदूरचा खंडोबा आहे, आणि हा शब्द साहेबाच्या कानावर तिथूनच पडला असावा, असा माझा तर्क आहे.

आता संवाद पाहा. पात्रे एकमेकांशी वॉल्टर स्कॉटच्या सरदारांसारखी जुन्या वळणाच्या इंग्रजीत बोलतात. घाट बालाघाटचा, साचा स्कॉटचा. ताराला चितेवरून फाजल वाचवतो हा प्रसंग तर सरळ विलायतेहून आलेला आहे. सतीबंदीचा कायदा बेंटिंकचा, १८२९ चा. आपण हिंदू विधवेला आगीतून ओढून काढले, हा त्या काळच्या इंग्रजांचा आवडता अभिमान होता. सतराव्या शतकातल्या गोष्टीत इंग्रज घालता येत नव्हता, म्हणून टेलरने ते काम विजापूरच्या तरुण पठाणाला दिले. माझ्या मते फाजल हा वेष पालटलेला इंग्रज आहे.

कालगणनेत टेलरने केलेली लबाडी याहून बोलकी आहे. ‘तारा’, ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) आणि ‘सीता’ (१८७२) ही त्याची त्रयी. तिच्यासाठी त्याने १६५७, १७५७ आणि १८५७ अशी वर्षे धरली. मराठ्यांचा उदय, प्लासी, बंड. पण अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा. शंभर-शंभर वर्षांच्या पायऱ्या नीट बसाव्यात म्हणून इतिहास दोन वर्षे मागे ओढला, आणि जिना थेट राणीच्या राज्यापर्यंत नेला. आपल्या सत्तेला कालाचाच आधार आहे असे वाटणे हा त्या संस्कृतीचा मोठा विशेष. तो मला कुठल्याही वस्तुसंग्रहालयापेक्षा या तीन आकड्यांत जास्त स्पष्ट दिसतो.

हा लेखक मराठीला परका नाही, हे मात्र आपण विसरलो. हरिभाऊ आपट्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’ टेलरच्या ‘टिपू सुलतान’वरून घेतलेली आहे. पुढे ‘उषःकाल’मध्ये हरिभाऊंनी तोच विजापूरचा काळ घेतला आणि पाहण्याची जागा बदलली. साचा उचलला, दृष्टी नाही. इंग्रजी वारशाशी कसे वागावे याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

त्रयीतली ‘सीता’ मला सर्वांत अस्वस्थ करते. कादंबरी म्हणून ती ‘तारा’पेक्षा कच्ची आहे, खलनायक तर निव्वळ बाहुला. पण तिची नायिका सीता ही हिंदू विधवा सिरिल ब्रँडन या इंग्रज अधिकाऱ्याशी लग्न करते. १८५७ नंतर पंधराच वर्षांनी हे लिहायला धाडस लागते, आणि टेलर ते लग्न चोरटे ठेवत नाही. इंग्रज बायकांची कुजबुज, कायद्याचा प्रश्न, सगळे येते. मग बंडाच्या धामधुमीत नवऱ्याला वाचवताना सीता मरते, आणि ब्रँडन यथावकाश एका इंग्रज मुलीशी लग्न करून सुखी होतो.

टेलरची स्वतःची पत्नी मेरी ही हैदराबादच्या विल्यम पामर सावकाराची मुलगी. तिची आजी हिंदुस्थानी मुसलमान घराण्यातली. म्हणजे असे संसार होतात, टिकतात, हे त्याला घरातूनच माहीत होते. लंडनच्या वाचकासमोर जाताना मात्र सीता जिवंत ठेवून चालणार नव्हते. ताराला सुखाने नांदवताना त्याला अडचण आली नाही, कारण तिथे नवरा अफजलखानाचा मुलगा होता.