सॅलिएरीचा नवस : ‘अमाडेउस’विषयी

आज आपण विचारासाठी घेतला आहे तो १९८४ सालचा ‘अमाडेउस’. मिलोश फोरमन या झेक दिग्दर्शकाने पीटर शाफरच्या १९७९ सालच्या नाटकावरून तो केला. आठ ऑस्कर वगैरे आपल्याला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो : व्हिएन्नाच्या दरबारातला संगीतकार आंतोनिओ सॅलिएरी म्हातारपणी वेड्यांच्या इस्पितळात एका पाद्र्यापुढे कबुली देतो, की मोझार्टला मीच मारलं. का आणि कसं, हे सांगता सांगता चित्रपट उलगडत जातो.

यावर पहिला आक्षेप नेहमी इतिहासाचा येतो, आणि तो खराच आहे. सॅलिएरीने मोझार्टला मारल्याचा कुठलाही पुरावा नाही. चित्रपटात तो ब्रह्मचारी आहे. खऱ्या सॅलिएरीला बायको होती, आठ मुलं होती. बेथोव्हन, शूबर्ट, लिस्ट त्याच्याकडे शिकले. मोझार्टच्या पश्चात त्याच्या धाकट्या मुलालाही त्याने शिकवलं. ऑक्टोबर १७९१ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या दोनेक महिने आधी, मोझार्ट बायकोला आनंदाने कळवतो की सॅलिएरीला ‘मॅजिक फ्लूट’ पाहायला नेलं आणि त्याने फार वाहवा केली. विषाची अफवा मात्र सॅलिएरीच्या हयातीतच उठली, १८३० मध्ये पुश्किनने तिच्यावर छोटं नाटक लिहिलं. तेव्हापासून एका भल्या माणसाची बदनामी चालू आहे. कलेच्या नावाखाली ती सरळ माफ करावी, असं आम्हाला वाटत नाही.

पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे थांबून चालत नाही. चित्रपटातला सॅलिएरी लहानपणी देवाला काय म्हणतो? मला थोर संगीतकार कर. बदल्यात माझं ब्रह्मचर्य, माझे कष्ट, माझी नम्रता तुला वाहतो. आपल्याकडे याला नवस म्हणतात. मग एक दिवस मोझार्ट येतो. अचकट-विचकट बोलणारा, पोरींच्या मागे लागणारा, घोड्यासारखा खिंकाळणारा. आणि संगीत आहे ते याच्याकडे! सॅलिएरीच्या हिशेबाने देवाने त्याच्याकडून पैसे घेतले आणि माल शेजाऱ्याच्या घरी पोचवला. तो क्रूस आगीत टाकतो तेव्हा तो नास्तिक झालेला नसतो, हे लक्षात घ्या. देव आहे यावर त्याचा पूर्ण विश्वास आहे. त्याची तक्रार ग्राहकाची आहे.

आता कांटकडे वळू. कांटचा सौंदर्यविचाराचा ग्रंथ १७९० चा, म्हणजे मोझार्ट जिवंत असतानाचा. त्यात कांट अभिरुची आणि प्रतिभा वेगळ्या करतो. सुंदर काय ते ओळखण्याची शक्ती एक, ते निर्माण करण्याची दुसरी. सॅलिएरीकडे पहिली भरपूर आहे. सुषिर वाद्यांच्या त्या सेरेनेडचा प्रसंग आठवा. सुरुवात अगदी साधी, पेटीचा भाता हलावा तशी. मग त्यावर ओबोचा एकच सूर अधांतरी लोंबकळत राहतो, आणि क्लॅरिनेट तो अलगद उचलून घेते. हे सांगताना एफ. मरे अब्राहमचा चेहरा पाहा. टाळ्या वाजवणाऱ्या त्या अख्ख्या व्हिएन्नात मोझार्टचा खरा सहृदय कोण असेल, तर हा. आम्हाला तर वाटतं, त्याची अभिरुची थोडी कमी असती तर तो सुखाने मेला असता.

इथे एक शंका घेतली पाहिजे. ही गोष्ट सांगतंय कोण? मोझार्टची बायको हस्तलिखितं घेऊन येते तो प्रसंग घ्या. एकही खाडाखोड नाही, जणू देवाने सांगितलं आणि याने उतरवून घेतलं. हे सॅलिएरी सांगतो, कारण त्याला ते तसंच असायला हवं आहे! मोझार्टनेही घाम गाळला, असं एकदा मान्य केलं की देवाविरुद्धचा खटलाच निकालात निघतो. प्रत्यक्षात मोझार्ट कच्चे खर्डे करी. हायडनला अर्पण केलेल्या सहा चौकड्या, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचना, हे दीर्घ परिश्रमाचं फळ आहे असं त्याने स्वतः १७८५ मध्ये लिहून ठेवलं आहे. आपला मम्मट यात जास्त शहाणा. शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तीन सांगून तो ‘हेतू’ हा शब्द एकवचनी वापरतो. तिन्ही मिळून एक.

गंमत अशी की हे चित्रपटालाही कुठेतरी कळलेलं आहे. शेवटाकडे अंथरुणाला खिळलेला मोझार्ट ‘रेक्विएम’ सांगतो आहे आणि सॅलिएरी लिहून घेतो आहे. हा प्रसंग निव्वळ कल्पित. प्रत्यक्षात ती रचना वाल्झेग नावाच्या काउंटने मृत पत्नीसाठी गुपचूप सांगितली होती आणि ती पुरी केली झ्यूसमायरने. पण काय प्रसंग आहे! आधी गाणाऱ्यांचे आवाज, मग त्यांच्या जोडीला ट्रॉम्बोन, मग ट्रम्पेट आणि नगारे, मग तंतुवाद्यांची धाव. सॅलिएरी मागे पडतो, थांब म्हणतो, समजलं नाही म्हणतो, आणि मग एकदम त्याला समजतं. एक एक थर रचला जाताना आपल्याला ऐकू येतो. इथे देव काही सांगत नाही. एक आजारी कारागीर काम करतो आहे आणि दुसरा कारागीर त्याला हात देतो आहे. तेवढा वेळ सॅलिएरी आपला मत्सर साफ विसरलेला असतो.

सकाळी कॉन्स्टान्झे परत येते आणि ते कागद कपाटात बंद करते. सॅलिएरीवर तिचा एवढा राग का, हे मूळ चित्रपटात नीट कळत नाही. २००२ मध्ये आलेल्या, वीसेक मिनिटांनी लांब आवृत्तीत त्याने तिचा केलेला अपमान दाखवला आहे. तो प्रसंग पाहायला जड जातो, पण आपण पाहणार असाल तर तीच आवृत्ती पाहा.