एकोणीस कॅथरिन आणि एक हुशार मुलगा

आपल्याकडील किशोरवाङ्मयात हुशार मुलगा बक्षीस समारंभापर्यंत पोहोचला की बहुधा त्याची गोष्ट संपते. अमेरिकन लेखक जॉन ग्रीन यांची ‘अॅन अबन्डन्स ऑफ कॅथरिन्स’ ही २००६ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी त्या समारंभानंतर सुरू होते. शिकागोचा कॉलिन सिंगल्टन नुकताच शाळा संपवून बाहेर पडला आहे. त्याला अकरा भाषा येतात. दिसेल त्या नावाची अक्षरे फिरवून तो नवे शब्द जुळवतो. दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेतही तो चमकला आहे. मात्र चार माणसांत काय बोलावे आणि कोठे थांबावे, हे त्याला उमगत नाही. शिवाय त्याच्या समजुतीप्रमाणे आजवर एकोणीस मुलींनी त्याला सोडून दिले आहे, आणि त्या एकोणीसही जणींचे नाव कॅथरिन!

(पन्नास तत्त्ववेत्त्यांना वादात निरुत्तर करणारी, विद्वानांची आश्रयदाती संत कॅथरिन कॅथॉलिक वाचकाला येथे आठवल्याशिवाय राहणार नाही. योगायोग असला तरी मोठा गमतीचा आहे.)

या हास्यास्पद कल्पनेच्या तळाशी एक खरी भीती दडलेली आहे. इतरांनी शोधून ठेवलेले झटपट आत्मसात करणारे बालक निराळे आणि स्वतः नवे काही शोधणारा प्रतिभावंत निराळा, हा भेद कॉलिनला पक्का ठाऊक आहे. आपण पहिल्या वर्गातले असून वय सरताच आपले बालपणीचे तेजही सरेल, या चिंतेने त्याला ग्रासले आहे. गुणवत्ता यादीकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या घरांतही अशी मुले वाढतात. आई-बापांचे प्रेम आपल्यावर आहे की आपल्या टक्केवारीवर, हा प्रश्न त्यांना पडतो, पण तो विचारण्याचे धाडस होत नाही. ग्रीन यांनी तो विनोदाच्या आडून विचारला आहे.

कॉलिनला या दुःखातून उठवून मोटारीने प्रवासाला नेतो तो त्याचा मित्र हसन हरबिश. हा मुलगा कादंबरीचा प्राण आहे, असे आम्हांस वाटते. तो लठ्ठ, आळशी, बडबड्या आणि श्रद्धावान मुसलमान आहे. २००१ नंतरच्या अमेरिकेत ओळख करून देताना आपण दहशतवादी नाही, हेही तो हसत हसत सांगून टाकतो. कॉलिन रटाळ माहिती सांगू लागला की ती रंजक नाही, असे सरळ सांगून हसन त्याला थांबवतो. मित्राचा अपमान न करता त्याला जगात वावरायला शिकवण्याची ही रीत किती साधी! धर्म मानणारा तरुण आधुनिक कादंबरीत एक तर बावळट दिसतो, नाही तर भयंकर. येथे तो विनोदीही आहे आणि विचारीही. काहीच वाईट न करणे म्हणजे चांगले असणे नव्हे, हे त्याला उशिरा का होईना कळते. तरुणपणी पुरोहित होण्याच्या विचारात असलेल्या आणि मुलांच्या रुग्णालयात काही महिने आध्यात्मिक सेवा केलेल्या लेखकाला श्रद्धेची थट्टा न करता श्रद्धावानाची थट्टा करता येते, हे विशेष.

टेनेसी राज्यातील गटशॉट या काल्पनिक खेड्यात हे दोघे थांबतात ते आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडची कथित कबर पाहण्यासाठी. तेथे लिंडसी आणि तिची आई हॉलिस भेटतात. मासिक पाळीच्या वेळी वापरायच्या साधनांना लागणारे दोरे हॉलिसच्या कारखान्यात तयार होतात. गावातील माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम ती या मुलांना देते. मालाला पुरेशी मागणी नसतानाही केवळ गावकऱ्यांची रोजी बुडू नये म्हणून ती कारखाना चालवते आणि उरलेला माल गुपचूप जमिनीत पुरते. हिशेबाच्या दृष्टीने हा वेडेपणाच. पण द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला ऐकत वाढलेल्या वाचकाला हॉलिस परकी वाटू नये.

दरम्यान कॉलिन एक गणिती सूत्र मांडू पाहतो. कोण कोणाला केव्हा सोडील, हे त्यातून आधीच कळावे, अशी त्याची आकांक्षा. सूत्र सर्व कॅथरिनांना लागू पडते, फक्त तिसरी काही केल्या बसत नाही. अखेर तो तिला दूरध्वनी करतो तेव्हा उलगडा होतो, की तिने त्याला सोडलेच नव्हते. त्यानेच तिला सोडले होते. इतकी अफाट स्मरणशक्ती असलेला मुलगा नेमके स्वतः दिलेले दुःख विसरला होता! कादंबरीतील हा सर्वांत मोलाचा क्षण आहे. प्रायश्चित्त संस्कारापूर्वी विवेकबुद्धीची तपासणी करणाऱ्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटेल: आपल्याला झालेल्या जखमांची यादी तोंडपाठ असते, आपण केलेल्यांची मात्र शोधावी लागते. ती एक चूक दुरुस्त होताच गणित सुटते. परंतु लिंडसी त्याला चार दिवसांत सोडील, असे तेच सूत्र सांगते आणि खोटे ठरते. लेखक येथे प्रवचन देत नाही. चार दिवस जाऊ देतो, एवढेच.

दोष आहेतच. बहुतेक कॅथरिना क्रमांकापलीकडे जात नाहीत. त्यांना काय वाटले असेल, हे लेखक फारसे विचारीत नाही. ज्याच्यात जाऊ त्याच्यासारखी बोलणारी लिंडसी छान उतरली आहे, पण रानडुकराच्या शिकारीचा प्रसंग ओढूनताणून हसवतो. तळटीपा प्रथम मौजेच्या वाटतात, पुढे कॉलिनच्या बडबडीइतक्याच थकवतात. मुलांच्या तोंडची अर्वाच्य भाषा काही पालकांना खटकेल. तिला विनोदी मुखवटा चढवला असला तरी आम्हांसही ती जरा अधिकच वाटली. तेव्हा आठवी-नववीच्या मुलांपेक्षा महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरील मुलामुलींच्या हाती हे पुस्तक द्यावे, आणि जमल्यास आई-वडिलांनी ते आधी स्वतः वाचावे. मराठीत कोणी अनुवादास हात घालील तर अक्षरांच्या उलटापालटीचे खेळ त्याला देवनागरीत नव्याने रचावे लागतील, आणि त्या कामाला कॉलिनसारखाच एखादा हट्टी मुलगा शोधावा लागेल.