दोन हंगामांचा अभ्यासक्रम

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात वॉला वॉला हे छोटं शहर आहे. पूर्वी त्याची ओळख गव्हाची आणि गोड कांद्याची. १९७७ मध्ये तिथे लिओनेटी सेलर ही वायनरी सुरू झाली, पुढे द्राक्षबागा वाढत गेल्या आणि २००० मध्ये गावच्या कम्युनिटी कॉलेजने द्राक्षशेती व वाइननिर्मितीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढला. एखादी साहित्यकृती ओळ न् ओळ निरखावी, इतकी त्याची रचना मला सुंदर वाटते.

या अभ्यासक्रमाचं वेळापत्रक वेलीच्या हातात आहे. सप्टेंबरात सत्र उघडतं तेव्हा तोडणी ऐन भरात असते, त्यामुळे नव्या विद्यार्थ्याला पुस्तकाच्या आधी घड भेटतात. टाकीत लाल वाइनचा रस आंबू लागला की कार्बन डायऑक्साइड साली वर ढकलतो आणि त्यांचा जाड थर तरंगतो. रंग आणि तुरटपणा मुख्यतः सालीत असल्याने तो थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो. आधी तो नेटाने अडतो, मग एका जागी फुटतो आणि खालचा कोमट, जांभळा रस उसळून वर येतो. सुट्टीच्या दिवशीही हे काम चुकवून चालत नाही.

मला सगळ्यात भावते ती हिवाळ्यातली जागा. तिथली थंडी वेल मारू शकते. जानेवारी २००४ च्या गारठ्याने वॉला वॉला खोऱ्यातलं बहुतेक पीक नेलं. म्हणून छाटणीआधी काड्या आणून ब्लेडने त्यांवरच्या डोळ्याचा (सुप्त अंकुराचा) पातळ काप घेतात. आत हिरवं दिसलं तर डोळा जिवंत, तपकिरी दिसलं तर मेला. किती मेले ते मोजायचं आणि मगच काडीवर किती डोळे राखायचे ते ठरवायचं. आपल्याकडे नाशिकचा बागायतदारही ऑक्टोबरच्या छाटणीआधी डोळे तपासून घेतो, पण तो आत घड शोधत असतो. तिथे आधी जीव शोधावा लागतो. एकाच डोळ्याला दोन हवामानं किती वेगळा प्रश्न विचारतात! कात्री चालवण्याआधी हा प्रश्न विचारायला लावणं, हेच मला या शिक्षणाचं मर्म वाटतं.

चाखण्याचा तासही तसाच गांभीर्याने घेतला जातो. वॉशिंग्टन राज्यात २१ वर्षांखाली मद्याला बंदी असली, तरी अशा अभ्यासक्रमातल्या १८ वर्षांवरच्या विद्यार्थ्याला शिक्षकाच्या देखरेखीखाली चाखण्याची मुभा कायदा देतो. घोट जिभेवर फिरवायचा, आम्लता आणि तुरटपणा पारखायचा आणि थुंकून टाकायचा.

यावर कळस म्हणजे ‘कॉलेज सेलर्स’, विद्यार्थ्यांच्या हातची परवानाधारक वायनरी. तिथली बाटली खरोखर विकली जाते आणि आलेला पैसा शिक्षणासाठीच वापरला जातो. चूक झाली तर ती वहीत न राहता गिऱ्हाइकाच्या पेल्यात पोचते. या जबाबदारीची जाणीव कोणतीही लेखी परीक्षा देऊ शकत नाही.

दोन वर्षांत तोडणी मात्र दोनदाच होते. फसलेला हंगाम परीक्षेसारखा पुढच्या महिन्यात पुन्हा देता येत नाही. म्हणून नाशिक-सांगलीकडच्या ज्या मुलामुलींना हे शिकायचं आहे, त्यांनी कुठेही प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजला दोन प्रश्न जरूर विचारावेत: तुमची स्वतःची बाग आहे का, आणि आमच्या हातची वाइन बाटलीत भरली जाते का?