चिखलाचे मोल : भिवंडीचे कांदळवन आणि संवर्धन-निधीची भाषा

ठाण्याहून भिवंडीकडे येताना कशेळीचा पूल ओलांडला की खाडीच्या काठाने तिवरांची हिरवी किनार दिसते आणि तिच्या पाठीशी लगेच गोदामांची पत्र्याची छपरे सुरू होतात. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यातील गोदामांविषयी अर्थशास्त्राच्या अंगाने बरेच लिहिले गेले आहे. तिवरांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा तोडीच्या बातमीपुरते. अलीकडे मात्र या झाडांची गणना कर्ब साठविणाऱ्या परिसंस्थांमध्ये होऊ लागली असून त्यांच्या संवर्धनासाठी निधीच्या योजनाही आखल्या जात आहेत. हा निधी नेमक्या कोणत्या गोष्टीचे मोल करतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शास्त्रीय बाजू पाहू. हिंद-प्रशांत क्षेत्रातील २५ कांदळवनांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार तेथे दर हेक्टरी सरासरी १,०२३ टन कर्ब साठलेला आढळला आणि त्यापैकी ४९ ते ९८ टक्के कर्ब जमिनीत होता. म्हणजे खरे भांडार पानाफांदीत नसून मुळांखालच्या चिखलात आहे. भरतीच्या पाण्यामुळे या गाळात प्राणवायू पोहोचत नाही, सेंद्रिय द्रव्य कुजण्याची गती मंदावते आणि कर्ब शतकानुशतके तेथेच राहतो. भराव टाकून, चर खणून किंवा भरतीचे पाणी अडवून हा गाळ उघडा पडला, की साठलेला कर्ब पुन्हा हवेत मिसळू लागतो. निवटी आणि चिंबोऱ्या धरणाऱ्या आपल्या आगरी-कोळी बांधवांना या चिखलाची किंमत निराळ्या हिशेबाने पूर्वीपासूनच ठाऊक आहे.

निधीची भाषा मात्र झाडे मोजते. याचे सर्वात बोलके उदाहरण बुलेट ट्रेनचे आहे. या मार्गाचे ठाणे आगार भिवंडी तालुक्यातील भरोडी-अंजूर परिसरात आहे. मुंबई, ठाणे व पालघर जिल्ह्यांत मिळून मूळ प्रस्तावात सुमारे ५३ हजार कांदळवृक्ष बाधित होणार होते. पुढे हा आकडा सुमारे २२ हजारांवर आणला गेला आणि ९ डिसेंबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तोडीस परवानगी दिली. एका झाडामागे पाच रोपे लावण्याची हमी प्रकल्प यंत्रणेने दिली होती. आकडा कमी झाला ही समाधानाची बाब खरीच. परंतु ‘एकास पाच’ या हिशेबात चिखलाला रकाना नाही. नव्या रोपाखाली तसा गाळ साचण्यास कित्येक दशके लागतात, आणि उखडलेल्या गाळातील कर्ब तोवर थांबून राहत नाही.

केंद्र शासनाच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या ‘मिष्टी’ योजनेचाही कल असाच आहे. (खाऱ्या पाण्यातील झाडांसाठी हे गोड नाव कोणास सुचले असेल?) रोजगार हमी, भरपाई वनीकरण निधी व इतर स्रोत एकत्र आणून सुमारे ५४० चौरस किलोमीटर क्षेत्र लागवड व पुनरुज्जीवनाखाली आणणे, हे तिचे उद्दिष्ट. हरित हवामान निधीने २०१८ मध्ये आंध्र प्रदेश, ओडिशा व महाराष्ट्र या तीन राज्यांच्या किनाऱ्यांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. त्यात किनारी समाजाची उपजीविका केंद्रस्थानी होती, म्हणून तो प्रयत्न मला अधिक मोलाचा वाटतो.

कर्बबाजाराची अडचण आणखी वेगळी आहे. तेथे ‘अतिरिक्तता’ सिद्ध करावी लागते. जे संरक्षण कायद्याने आधीच बंधनकारक आहे, त्यास पैसे देण्यास बाजाराचे निकष सहसा राजी नसतात. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निर्णयाने कांदळवनाच्या नाशास बंदी केली, ५० मीटरचा संरक्षक पट्टा राखण्यास सांगितले आणि हा नाश जीविताच्या मूलभूत अधिकारावरील आघात मानला. निर्णय सर्वथा योग्य आहे. तथापि त्याचा विपरीत परिणाम असा, की राखलेल्या जुन्या वनाला बाजारात किंमत मिळणे अवघड, आणि उजाड झालेल्या जागी नव्याने रोपे लावणे मात्र निधीस पात्र.

याची झळ कोणास बसते? भिवंडीच्या खाडीकाठी खाजणे आहेत. बांधबंदिस्ती फुटली, उघाडी निकामी झाली, भरतीचे पाणी शेतात शिरले आणि काही वर्षांत भाताच्या जागी तिवर उभे राहिले, ही ठाणे-रायगडातील परिचित कहाणी आहे. त्या जमिनीचा सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, पण तिचा वापर बंद. शेजारच्या कोरड्या जमिनीला गोदामाचे भाडे मिळते, त्याच्या जमिनीला काहीच नाही. रात्री कोणी राडारोडा आणून टाकला तर तो तक्रार करील, अशी अपेक्षा कोणत्या आधारावर धरायची? बंदीचा भार त्याच्यावर टाकताना मोबदल्याचा प्रश्न आपण अनुत्तरितच ठेवला आहे.

राज्याकडे साधने नाहीत असे नाही. २०१२ मध्ये कांदळवन कक्ष आणि २०१५ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान स्थापन झाले. २०१७ च्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेतून गावोगावच्या समित्यांना खेकडापालनासारख्या व्यवसायांसाठी अनुदान मिळते. ही योजना लागवडीपेक्षा राखणीच्या अधिक जवळ जाते. परंतु प्रतिष्ठानच्या निधीत कांदळवन बाधित करणाऱ्या प्रकल्पांनी भरलेल्या रकमांचाही वाटा असतो. तोड वाढली तर संवर्धनाची तिजोरी भरते, ही रचना प्रामाणिक अधिकाऱ्यालाही अवघड जागी उभे करते.

केनियातील गाझी उपसागरात २०१३ पासून ‘मिकोको पामोजा’ हा प्रकल्प चालू झाला. सुमारे ११७ हेक्टर कांदळवन राखून मिळालेल्या कर्बपत्रांच्या पैशातून तेथील गावांनी पाण्याची सोय केली, शाळांना मदत केली. तेथेही वन सरकारीच आहे, पण व्यवस्थापनात स्थानिकांना कायदेशीर वाटा दिला गेला. कशेळी ते खारबाव या पट्ट्यात असा प्रयोग करायचा, तर आधी गाळाची खोली व त्यातील कर्ब मोजावा लागेल, खाजगी खाजणांची नोंद गावनिहाय करावी लागेल आणि राखणीचा वार्षिक मोबदला नुकसानभरपाईच्या रकमेपासून वेगळ्या शीर्षाखाली ठेवावा लागेल. यातील पहिले काम आपल्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्र व भूगोल विभागांच्या आवाक्यातले आहे. ओहोटीच्या वेळी चिखलात उतरायची तयारी मात्र हवी.